मनगट, मांडे आणि चीज

जळगावजवळच्या असोद्यात खापराचे मांडे करणाऱ्या बाया पुष्कळ आहेत, पण मांडा हातावर झुलवावा तो वच्छलाबाईनंच, हे तिच्याशी बोलणं टाकलेल्या बायाही कबूल करतात. पुरण भरलेला उंडा पोळपाटावर जरासा लाटायचा आणि दोन्ही हातांवर घ्यायचा. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपराकडे, असा तो वाढत जातो, आणि पुरेसा वाढला की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. तिथं हात कचरला की मांडा फाटलाच. वच्छलाबाई कचरणाऱ्यांतली नव्हती. लग्नघरी बोलावणं आलं की ती आधी कणीक कोणी भिजवली ते विचारायची, आणि नाव पसंत पडलं नाही तर उंबऱ्यावरूनच माघारी फिरायची. नम्रपणाशी तिचं कधी जमलं नाही, आणि जमावं असं तिला वाटलंही नाही.

अशा बाईचं उजवं मनगट मोडलं, तेही घरच्या ओट्यावरून उतरताना. ओटा कितीसा उंच? शेळीचं करडू सहज उडी मारील एवढा. भरिताचे दिवस होते, वांगी भाजायला कपाशीच्या काड्या आणाव्यात म्हणून ती निघाली, पाय सरकला, हात टेकला आणि मनगट वाकडं झालं. जळगावच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि तिच्या मुलाला, किरणला, सांगितलं की एवढ्याशा पडण्यानं मोडतं ते हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं. गोळ्या घ्यायच्या, सकाळच्या उन्हात चालायचं आणि हाडाला लागतं ते पोटात जाऊ द्यायचं. दूध, दही, पनीर, चीज, तीळ, जे पचेल ते.

"डाक्टर, आखाजीले मांडे व्हतीन का?" वच्छलाबाईनं विचारलं.

"बघू," डॉक्टर म्हणाले.

"बघू म्हनजे नही," ती बाहेर येऊन किरणला म्हणाली. "पन मीबी पाह्यते."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशात घराघरात मांडे आणि आमरस होतो. आधी पितरांची आगारी, पेटत्या गोवरीवर त्यांच्या नावानं घास सोडायचा, आणि मग घरच्यांनी जेवायचं. वच्छलाबाई या घरात आल्यापासून एकही आखाजी तिच्या मांड्यांवाचून गेली नव्हती. यंदा दुसऱ्या बाईच्या हातचा मांडा या घरच्या ताटात पडला, तर आपण या घरात फक्त जेवायला उरलो, असं तिला वाटत होतं. त्या विचारानं तिला रडू यायचं. कोणी पाहिलंच तर ती म्हणायची, प्लॅस्टर खाजतंय.

किरण पतपेढीत नोकरीला होता. आईवर त्याचा जीव, पण जीव लावणारी माणसं कधी कधी फार छळतात. त्यानं म्हशीचं दूध वाढवलं आणि सकाळ-संध्याकाळ हळद घातलेला मोठा पेला आईसमोर धरायला सुरुवात केली. वच्छलाबाईला दूध लहानपणापासून सोसत नव्हतं. चहातलं चालायचं, पण पेलाभर प्यायली की थोड्या वेळात पोटात ट्रॅक्टर सुरू, आणि मग मोडक्या हातानं टमरेल घेऊन धावपळ.

"सवय नाही म्हणून होतं, आई. सवय होईल."

"आरे, सत्तरी आली माही! आता कव्हा सवय व्हईन? वर गेल्यावर?"

दही-ताक तिला खरं तर पचलं असतं. पण शेजारच्या बेबाबाईनं पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं, की हाड मोडल्यावर आंबट खाल्लं तर मनगटात वात भरतो आणि हात जन्माचा आखडतो. डॉक्टर हे ऐकून हसले होते आणि खुशाल खा म्हणाले होते. पण डॉक्टर जळगावात राहतात आणि बेबाबाई भिंतीला भिंत लावून. या एका बाबतीत वच्छलाबाईसारखी वच्छलाबाईही भ्याली, हे सांगायलाच हवं. जगाला न जुमानणारी बाई मांड्यांपायी ताकाच्या वाटीला घाबरली. म्हणजे दूध पोट राहू देईना आणि ताक बेबाबाई पिऊ देईना.

प्लॅस्टर निघालं तेव्हा आतून काटकुळा, सुरकुतलेला हात बाहेर आला. मूठ वळेना. मग दवाखान्यात व्यायामाच्या खोलीत जाणं सुरू झालं. तिथं रबरी चेंडू दाबत बसलेली एक बाई रोज शेजारी असायची, हसीनाबी. तिचाही हातच मोडला होता. दोघींची गट्टी जमायला वेळ लागला नाही, कारण दोघींनाही आपापल्या मुलांबद्दल बोलायचं होतं.

दुधाचं गाऱ्हाणं ऐकून हसीनाबी हसली. तिनं पिशवीतून डबी काढली, आत पिवळट वड्या होत्या. "अरी वच्छलाबहन, मेरे को भी दूध नहीं पचता. ये पचता. खा के तो देख."

"हे काय? साबन?"

"चीज है. मेरा फैसल गाडी पे सँडविच में डालता ना, वोईच."

वच्छलाबाईनं कोपरा चावून पाहिला. खव्याला मीठ चोळावं तशी चव. वाईट नव्हती. मुख्य म्हणजे आंबट नव्हती, त्यामुळे बेबाबाईचा कायदा मोडत नव्हता. तिनं अख्खी वडी खाल्ली आणि बसमध्ये पोटावर हात ठेवून बसली. असोदा आलं, संध्याकाळ झाली, सकाळ उजाडली. पोट गप्प. एवढा आनंद तिला प्लॅस्टर निघाल्यावरही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईला धरलं. ही तरुण पोरगी चांगली होती, समजेल असं बोलायची. दूध फाडून चीज करतात तेव्हा पोटाला त्रास देणारी दुधातली साखर बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते, आणि हाडाला लागणारं कॅल्शियम आणि ताकद देणारी प्रथिनं मागे राहतात, असं तिनं सांगितलं. "पण आजी, त्यात मीठ भरपूर, आणि चरबीही. तुम्हाला बीपीची गोळी आहे. दिवसाला एक वडी. आणि नुसत्या चीजनं हाड भरत नसतं, गोळ्या आणि व्यायाम सोडायचा नाही."

"एकच," वच्छलाबाईनं मान डोलावली. कान मात्र 'पचतं' या शब्दापाशीच थांबले होते.

ती तडक फैसलच्या गाडीवर गेली. त्यानं तिला गाडीवरचं किसलेलं देऊ केलं नाही. "खाला, हे नका घेऊ. हे स्वस्तातलं, तेल घालून केलेलं. तुम्हाला हाडासाठी पायजे ना? दुधाचं घ्या." त्यानं समोरच्या डेअरीतून डबा आणून वाचून दाखवला, आणि वच्छलाबाईनं तो पदराखाली धरून घरी नेला, कोणी नजर लावील म्हणून.

नजर किरणनंच लावली. डबा पाहून तो उडालाच. "आई, हे काय आणलं? ही विलायती चरबी आहे नुसती! मोबाईलवर रोज येतं, हार्ट अटॅक येतो यानं."

"मोबाईलले पोट हाये का? मले हाये. त्यात हे ऱ्हायतं."

"आपल्या घरात कोणी खाल्लंय का असलं काही?"

"आपल्या घरात बायायनं काय खाल्लं ते तुले काय मालूम," वच्छलाबाई म्हणाली, आणि तेवढ्यावर विषय तोडला.

किरणचा राग खोटा नव्हता. पण ज्या तोंडानं तो चरबी म्हणत होता, त्याच तोंडानं त्यानं मघाशी शेवभाजीवरची बोटभर तर्री ओरपली होती. आमच्याकडे तर्रीला कोणी चरबी म्हणत नाही. ती चव असते. चरबी फक्त बाहेरून येते, डब्यातून, आणि खास करून तेव्हा, जेव्हा ती घरातली म्हातारी स्वतःच्या मनानं खायला लागते. सून मेघा दोघांचं ऐकत भाकरी थापत राहिली. डबा मात्र फ्रिजमध्ये खालच्या फळीवर, वच्छलाबाईचा डावा हात पोचेल तिथं, तिनंच ठेवला.

आता चूक वच्छलाबाईची झाली, आणि ती चूक अस्सल खानदेशी होती. आवडलेली वस्तू नुसती खाणं आम्हाला ठाऊकच नाही. एका वडीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. वडी भाकरीवर चुरून वर ठेचा, सोबत भाजलेला बिबडा, म्हणजे ज्वारीचा खारा पापड, ताटाच्या कडेला लोणच्याची फोड, आणि मन भरलं नाही तर उडदाचा पापड. मिठावर मीठ, मिठावर मीठ. मूठ वळू लागली होती, चेंडू दाबला जात होता, त्यामुळे ती खुशीत होती. आणि एका सकाळी पायात चपला चढेनात. घोटे सुजले, डोकं गरगरलं. दवाखान्यात पट्टा बांधून फुगवला तर बीपी चढलेलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली, काही दिवस व्यायाम बंद केला आणि म्हणाले, "मीठ फार होतंय."

घरी येईपर्यंत किरणनं त्या वाक्यातलं मीठ काढून चीज घातलं होतं. "झालं समाधान? मी सांगत होतो! उद्यापासून ते घरात येणार नाही. आणि आखाजीचे मांडे मी जळगावातून सांगतो, तू चुलीपाशी जायचंच नाही."

एरवी वच्छलाबाईनं आवाज चढवला असता. या वेळी ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आधी पापडाचा डबा बाहेर आला. मग बिबड्यांची पाटी. शेवेची पिशवी. सांडगी मिरच्या. शेवटी डाव्या हातानं पोटाशी धरून लोणच्याची बरणी. सगळं तिनं ओट्यावर मांडलं.

"सांग. याच्यात मीठ नही का?"

"आई, ते आपलं नेहमीचं—"

"नेहमीचं म्हनून गोड हाये का? म्या जास्त खाल्लं, माही चूक. कबूल. तोंडाले लगाम नव्हता. पन मीठ चहूकडून आलं अन् फाशी एकाले! डाक्टर मीठ म्हने, तू चीज म्हनतो. माह्या हाडाचं एक काम करे, तेच तुले खुपते. चीज मी सोडनार नही. एक वडी खाईन, एकच. बाकीचं हे बठ्ठं आजपासून बंद."

आणि तिनं लोणच्याची बरणी उचलली, भिंतीपलीकडे बेबाबाईच्या घरी नेली आणि तिच्या ओट्यावर ठेवून आली. बेबाबाईला वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. किरण बरणीकडे बघत राहिला. तिच्यातलं निम्मं लोणचं त्याचं होतं. घरात त्याच्याइतकं लोणचं कोणी खात नव्हतं.

पुढचे महिने वच्छलाबाईनं काढले कसे, ते तिलाच ठाऊक. खानदेशी जिभेला लोणचं, पापड, ठेचा सोडायला सांगणं म्हणजे बोलणंच सोडायला सांगणं. वरण तिला धुण्याच्या पाण्यासारखं लागायचं. भाकरी घशाखाली उतरेना. ती लिंबू पिळायची, लसूण भाजून चुरायची, तीळ भाजून घ्यायची, आणि शिव्या घालत जेवायची. लिंबू आंबट आहे, इतके दिवस खाल्लेलं लोणचंही आंबटच होतं, मग ताकच का नाही, हेही तिला एक दिवस उमगलं आणि ती वाटीभर ताक प्यायली, बेबाबाईच्या देखत. हात आखडला नाही. बेबाबाई म्हणाली, "आता आखडनार नही, आता हाड जुनं झालं." कायदे असेच बदलतात.

चीजची एक वडी मात्र दुपारी ठरलेली. ती मेघा ताटात आणून ठेवायची. वच्छलाबाई ती शेवटी, सावकाश, उंदरासारखी कुरतडून खायची. सूज उतरली, पट्ट्यावरचा आकडा खाली आला. डॉक्टरांनी व्यायाम पुन्हा सुरू केला. मनगट जराशी बाक ठेवूनच जुळलं. ते गोळ्यांनी जुळलं, उन्हानं, चेंडूनं की चीजनं, हे तिला माहीत नव्हतं आणि डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. तिनं श्रेय सगळ्यांना थोडं थोडं वाटून टाकलं. किरणला काहीच दिलं नाही.

आखाजीच्या सकाळी किरण जळगावातून मांड्यांचं पार्सल घेऊन आला, तेव्हा परसात चूल पेटलेली होती आणि वर खापर तापत होतं. कणीक मेघानं भल्या पहाटे भिजवून, कुटून, तेल लावून झाकून ठेवली होती. वच्छलाबाईनं कणकेला बोट लावून ताणून पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि नाव पसंत पडल्यासारखी मान हलवली.

पहिला मांडा उजव्या मनगटावर आला आणि मधोमध फाटला. पुरण राखेत पडलं.

"आई, राहू दे ना आता," किरण म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. तिला ती कळली, आणि म्हणूनच जास्त लागली.

"एक फाटला. माह्या लग्नात सासूच्या हातानं धा फाटले व्हते. सरक, उजेड अडवू नको."

दुसरा तिनं लहान घेतला. बाक आलेलं मनगट जरा आत वळवून, भार डाव्यावर टाकत, तिनं तो झुलवला. एकदा. पुन्हा. मांडा मनगट ओलांडून पुढे सरकला. पूर्वीसारखा कोपरापर्यंत नाही गेला, अलीकडेच थांबला. पण फाटला नाही. खापरावर पडला, फुगला, आणि त्याचा वास परसभर पसरला तेव्हा मेघानं पदर डोळ्याला लावला. वच्छलाबाई म्हणाली, "धूर हाये," आणि स्वतःचेही डोळे पुसले.

जळगावचं पार्सल बांधलेलंच राहिलं. आगारीची वेळ झाली. पेटत्या गोवरीसमोर किरण पाटावर बसला, आणि वच्छलाबाईनं ताट पुढे केलं. मांडा, आमरस, भजं, कुरडई, तुपाची वाटी. आणि ताटाच्या कडेला चीजची एक वडी. तिची दुपारची.

किरण थबकला. "आई, हे आगारीत? पितरांना चीज? बेबाबाई बघतेय, लोक काय म्हणतील?"

"तुह्या आजीसाठी हाये."

किरणची आजी म्हणजे शेवंताबाई, वच्छलाबाईची सासू. शेवटच्या काळात ती इतकी वाकली होती की बोलणाऱ्याचे फक्त पाय तिला दिसायचे. पायांवरून माणसं ओळखायची. म्हातारपण म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

"जलमभर तिनं दोन म्हशी पिळल्या," वच्छलाबाई म्हणाली. "चरवी भरली की डेरीवर. राह्यलं ते तुह्या आजोबाले, मंग पोरायले. साय तुपाले. तिच्या पेल्यात कोरा चहा. म्या डोयानं पाह्यलं हाये. अन् मी सून, मीबी कोराच पेली. म्या एकदा साय चाटली तं ती मले काही बोलली नही, फक्त दार लोटून घेतलं, कोनाले दिसू नये म्हनून. तिची पाठ काय देवानं वाकवली का?"

किरणची नजर ताटातल्या तुपाच्या वाटीवर गेली.

वच्छलाबाईनं वडी उचलली. बाक आलेल्या त्या उजव्या हातानंच तिचे दोन तुकडे केले. एक मेघाच्या हातावर ठेवला. "आगारी झाली की आमच्यामांगून नको जेवू. संगच बस. अन् हे आधी खाय." दुसरा तिनं किरणच्या हातात दिला आणि गोवरीकडे बोट केलं.

किरणनं मांड्याचा घास सोडला, वर तूप सोडलं. मग आजीचं नाव घेऊन चीजचा तुकडा निखाऱ्यावर ठेवला. तो मऊ झाला, कडेनं वितळला, चरचरला आणि गोवरीच्या धुरात दुधाचा, खारट, अनोळखी वास मिसळला. किरण ताटाभोवती पाणी फिरवायला विसरला. तांब्या हातात धरून तसाच बसून राहिला.

"फिरव पानी," वच्छलाबाई म्हणाली. "तुही आजी जेवू राह्यली."